मुलगी परत यायच्या आत दुसरा मासा आणू का?

वाचकाचं पत्र, थोडक्यात:

आम्ही मुंबईजवळच्या एका उपनगरात राहतो. नऊ वर्षांच्या मुलीचा फार दिवसांचा हट्ट होता, म्हणून यंदा समुद्री माशांसाठी शंभर लिटरची टाकी घेतली. टाकी सुरू होऊन तीन आठवडे झाले आणि गेल्या रविवारी बाजारातून क्लाउनफिशची जोडी आणली. टाकीत आधीपासून एक क्लीनर श्रिम्प, म्हणजे कोळंबी, आणि शंखात राहणारे दोन खेकडे आहेत. मुलगी एक संध्याकाळ माशांसमोर बसून राहिली आणि सोमवारी सुट्टीसाठी आजोळी साताऱ्याला गेली. मोठा मासा जवळ आला की लहान मासा पहिल्या दिवसापासूनच तिरका होऊन थरथरायचा. आकडी येत असावी असं मला वाटलं. मंगळवारी त्याने खाणं सोडलं. बुधवारी अंगावर पांढुरका थर आला, रंग फिका पडला, तोंड सतत पाण्याच्या वरच्या बाजूला, श्वास जोरजोरात. दुकानदार म्हणतो व्हाइट स्पॉट आहे, निळं औषध टाका, थोडं मीठ वाढवा आणि हीटर लावा. मावसभाऊ म्हणतो तांब्याचं औषध टाक. आई म्हणते त्याला ते फुलासारखं घर मिळालं नाही म्हणून तो खंतावलाय. पत्नी म्हणते, पोर पुढच्या रविवारी येईल, त्याआधी तसाच दुसरा आणून ठेवा, तिला कळायचंही नाही. रोग कोणता, औषध कोणतं, ते टाकीतच टाकू का आणि दुसरा मासा आणू का?

उत्तर:

तुमचं पत्र बुधवारी रात्री माझ्या हाती आलं. या सदरात उत्तर छापून यायला आठवडा जातो आणि तुम्ही वर्णन केलेल्या माशाकडे आठवडा नव्हता. म्हणून त्याच रात्री चार गोष्टी कळवल्या: दोन्ही मासे टाकीतून बाहेर काढा, टाकीत कुठलंही औषध टाकू नका, वेगळ्या टबात भरपूर हवा सोडा, अमोनिया तपासा. फॉर्मॅलिन हे औषध कसं वापरायचं तेही लिहिलं. शुक्रवारी तुमचं दुसरं पत्र आलं. लहान मासा गुरुवारी पहाटेच गेला होता आणि फॉर्मॅलिन मिळालं दुपारी. मोठ्याच्या शेपटीजवळही तसाच पुसट पट्टा दिसू लागला होता, पण तो खात होता. वाचून वाईट वाटलं. 'आधी विचारलं असतं तर वाचला असता का,' असं तुम्ही विचारलंय. टाळाटाळ न करता सांगते: मंगळवारी सकाळी उपचार सुरू झाले असते तर कदाचित वाचला असता; बुधवारी रात्री ते फार अवघड होतं. पण मंगळवारी काय बघायचं हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. मासा पिशवीत घालून देताना दुकानात हे कुणी शिकवत नाही. म्हणून हे उत्तर जरा लांबवते आहे. मोठा मासा अजून आहे आणि या महिन्यात अशीच जोडी घरी आणणारे इतरही असतील.

आधी तो थरथरण्याचा भाग, कारण तिथे तुमचा सगळा हिशेब चुकला. ती आकडी नव्हती. क्लाउनफिशच्या घरात पक्की उतरंड असते. सगळ्यात मोठा मासा मादी, त्याखालचा नर, बाकीचे लहान. मोठी जवळ आली की लहान मासा अंग तिरकं करून थरथरतो. 'तू मोठी, मान्य आहे' असं सांगायची ती त्याची रीत. नवी जोडी एकत्र आली की पहिले काही दिवस हे फार दिसतं आणि ते चांगलं लक्षण आहे. तुम्ही त्याला आजार समजलात, दोन दिवस तसंच चाललं तेव्हा 'असाच आहे वाटतं हा' म्हणून सवय करून घेतलीत आणि खरा आजार आला तेव्हा तो आधीचाच वाटला. क्लाउनफिशचं आणखीही बरंच वागणं नवख्या माणसाला घाबरवतं. रात्री ते कोपऱ्यात वाकडेतिकडे पडून झोपतात, पृष्ठभागाखाली एकाच जागी तासन्‌तास हलत राहतात, पंपाच्या किंवा हीटरच्या मागची एखादी जागा धरून बसतात. मासा खात असेल आणि श्वास संथ असेल तर यातलं काहीही रोगाचं लक्षण नाही.

श्वास हा शब्द मी मुद्दाम वापरला. आपण सगळे माशाच्या अंगावरचे डाग बघतो, कल्ले बघत नाही. माशांच्या अंगावर जगणारे समुद्री परजीवी बहुतेक वेळा आधी कल्ल्यांवर बसतात. अंगावर काही दिसेपर्यंत मासा गुदमरायला लागलेला असतो. घड्याळ लावून पंधरा सेकंदांत कल्ल्याचं झाकण किती वेळा उघडतं ते मोजा आणि चारने गुणा. माझ्याकडचे क्लाउनफिश शांत असताना साठ ते ऐंशीच्या दरम्यान येतात. खायला घातल्यावर किंवा पाठलाग झाल्यावर आकडा वाढतो, तो धरू नका. शांत मासा शंभराच्या वर जाऊन तिथेच राहिला तर डाग असोत-नसोत, काहीतरी बिघडलंय. नवा मासा आणला की पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ हा आकडा वहीत लिहायचा. याला पैसे लागत नाहीत आणि माझ्या अनुभवात याच्याइतकं लवकर दुसरं काही सांगत नाही.

आता दुकानदाराचं निदान. आपल्याकडे माशाच्या अंगावर पांढरं दिसलं की सगळ्याला एकच नाव, व्हाइट स्पॉट. समुद्री टाकीत मात्र पांढरं दिसणारे निदान तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांचं औषध एक नाही. ओळखायला स्वयंपाकघरातल्या तीन गोष्टी आठवा: रवा, पिठी आणि साय.

रव्याचे सुटे दाणे अंगावर आणि परांवर चिकटल्यासारखे दिसतात तो समुद्री व्हाइट स्पॉट, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन. दाणे मोजता येतात. मासा दगडाला अंग घासतो, पण बरेचदा खात राहतो. हा तिघांत त्यातल्या त्यात सावकाश चालणारा. त्याची खोड अशी की तीन ते सात दिवसांनी परजीवी मासा सोडून तळाशी जातो, दाणे आपोआप नाहीसे होतात आणि माणूस म्हणतो, 'औषध लागू पडलं'. तळाशी तो कवच करून बसतो, आत शेकडोंनी वाढतो आणि काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, पुन्हा हल्ला करतो. दुसऱ्या हल्ल्यात मासा जातो आणि मग दोष नशिबाला.

तांदळाच्या पिठीचा हात लागल्यासारखी बारीक, सोनेरी-राखाडी भुकटी दिसते तो वेल्व्हेट, अमायलोओडिनियम. दाणे मोजता येत नाहीत, टॉर्च तिरका धरला तरच झाक दिसते. असा मासा उजेड टाळतो, पंपाच्या धारेत तोंड करून उभा राहतो आणि दोन-चार दिवसांत संपतो. कित्येकदा पिठी दिसण्याआधीच.

साय म्हणजे तुम्ही लिहिलेलं चित्र. ठिपके नाहीत, पुसट पांढुरका, बुळबुळीत थर, डागाडागाने पसरणारा, पुढे सुटून लोंबायला लागणारा. रंग उडतो, खाणं बंद होतं, मासा वरच्या पाण्यात धापा टाकतो. हा ब्रुकलिनेला. १९७० मध्ये लोम आणि निग्रेली या दोघांनी या परजीवीचं शास्त्रीय वर्णन केलं. क्लाउनफिशना तो इतका होतो की बाहेरच्या देशांत त्याला सरळ 'क्लाउनफिश रोग' म्हणतात. त्याला तळाशी जायची गरज नसते. माशाच्या अंगावरच तो दुभंगून वाढत राहतो. एकाचे दोन, दोनाचे चार, म्हणून इतकी घाई. तुमच्या लहान माशाला हाच झाला होता असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. पक्कं निदान मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होतं. अंगावरचा थर अलगद काचपट्टीवर घेऊन पाहिला तर शंभरपट मोठं केल्यावर मूत्रपिंडाच्या आकाराचे केसाळ जीव सरकताना दिसतात. शाळा-कॉलेजच्या प्रयोगशाळेतला साधा सूक्ष्मदर्शकही पुरतो. ओळखीत कुणी जीवशास्त्र शिकवत असेल तर संकोच न करता जा. वर्सोव्याची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आणि रत्नागिरीजवळ शिरगावचं मत्स्य महाविद्यालय, दोन्हीकडे माशांचे आजार हा अभ्यासाचा विषय आहे. तिथे शिकणारं कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही विचारा.

या तिघांच्याही आधी एक चौथा संशयित तपासायचा असतो, तो म्हणजे पाणी. टाकी तीन आठवड्यांची, असं तुम्ही सहज लिहून गेलात. मी तिथेच थबकले. माशाच्या विष्ठेतून आणि उरलेल्या खाण्यातून अमोनिया होतो. तो पचवणारे जीवाणू दगडांवर आणि फिल्टरमध्ये बसायला चार ते सहा आठवडे लागतात. समुद्री पाण्याचा सामू (पीएच) आठच्या वर असल्याने त्यात अमोनियाचा विषारी भाग गोड्या पाण्यापेक्षा जास्त असतो. कल्ले अमोनियाने भाजले तरी मासा अशाच धापा टाकतो, त्याच्यावर औषध टाकणं म्हणजे भाजलेल्यावर तिखट. तुमच्या टेस्ट किटमध्ये शून्य आलं नाही, फिकट हिरवी छटा आली, असं तुम्ही कळवलंत. म्हणजे लहान मासा एकाच वेळी दोन गोष्टींशी झुंजत होता. त्यात मे महिना. तुमच्या टाकीचं पाणी एकतीस अंशांवर आहे आणि हवं पंचवीस ते सत्तावीस. पाणी तापलं की त्यात प्राणवायू कमी मावतो. कल्ले आधीच गुदमरलेले असताना हीटर लावायचा सल्ला गोड्या पाण्यातल्या व्हाइट स्पॉटसाठी ठीक आहे, इथे तो घातक आहे. टाकीचं झाकण काढा, पृष्ठभागावर छोटा पंखा सोडा. कोकणपट्टीच्या दमट हवेत त्याने फार तर दोनेक अंश उतरतील, पण तेही पुष्कळ. पंख्याने उडालेलं पाणी भरून काढताना साधं आरओचं घाला, खारं नको; मीठ उडत नाही, पाणीच उडतं.

मिठाचंही तसंच. गोड्या पाण्यात मीठ हे औषध आहे. समुद्री मासा जगतोच मिठात, तिथे चिमूटभर वाढवून काही साधत नाही, आणि खायचं मीठ तर नकोच. उलट समुद्री व्हाइट स्पॉटवरचा एक उपचार मीठ कमी करण्याचा आहे. वेगळ्या टबात पाण्याची घनता, म्हणजे खारेपणाचं माप, हळूहळू १.००९ पर्यंत उतरवून किमान चार आठवडे तशीच ठेवतात. त्याला खारेपणा अचूक मोजणारा रिफ्रॅक्टोमीटर हवा, तरंगत्या काट्याच्या अंदाजाने ते करू नये. वेल्व्हेटवर मात्र हा उपाय चालत नाही.

दुकानातल्या मिठाबद्दल एक गोष्ट मी अजून कुठल्याच पाटीवर लिहिलेली पाहिली नाही. पुष्कळ दुकानदार टाक्यांतलं पाणी मुद्दाम कमी खारं ठेवतात, १.०१७-१.०१८ च्या आसपास. मीठ वाचतं आणि परजीवी दबून राहतात. तुमच्या घरी १.०२५. मासा अर्ध्या तासात एकातून दुसऱ्यात गेला की त्याच्या शरीरातलं पाणी ओढलं जातं आणि दबलेला परजीवी डोकं वर काढतो. मासा घेताना पहिला प्रश्न विचारा: 'तुमच्या पाण्याची सॅलिनिटी किती?' त्याच आकड्याचं पाणी घरी वेगळ्या टबात तयार ठेवा, मासा त्यात सोडा आणि रोज थोडं थोडं करत आठवडाभरात वर आणा.

निळं औषध म्हणजे मेथिलीन ब्लू. वाईट औषध नाही. अमोनियाने किंवा नायट्राइटने कल्ले भाजलेल्या माशाला वेगळ्या भांड्यात त्याने आराम पडतो. पण टाकीत ओतलं तर अमोनिया पचवणारे तुमचे कोवळे जीवाणू मरतात आणि अमोनिया आणखी चढतो. तांबं व्हाइट स्पॉट आणि वेल्व्हेटवर खरंच लागू पडतं, पण वेगळ्या टबात, तांब्याचं टेस्ट किट हाताशी ठेवून, आठवडे न आठवडे मात्रा सांभाळत. ब्रुकलिनेलावर त्याचा उपयोग नाही. आणि टाकीत? सुरुवातीच्या वर्षी एका जाणत्या माणसाच्या सांगण्यावरून मी टाकीत तांब्याचं औषध टाकलं होतं. मासा गेलाच, पण दोन दिवसांत सगळ्या कोळंब्याही गेल्या आणि पुढे कितीतरी महिने त्या टाकीत एकही गोगलगाय टिकली नाही, कारण दगडांनी तांबं शोषून घेतलं होतं आणि ते हळूहळू सोडत होते. तुमचा मावसभाऊ मनापासून सांगतोय, पण त्याचं ऐकलं असतं तर आजार राहिला असता आणि मुलीची कोळंबी गेली असती.

आईंनी सांगितलेल्या फुलासारख्या घराचंही सांगते, कारण असं अनेकांना वाटतं. समुद्रात क्लाउनफिश अ‍ॅनिमोनी या फुलासारख्या दिसणाऱ्या प्राण्याच्या आसऱ्याने राहतो ते शत्रूपासून वाचायला. काचेच्या टाकीत शत्रू नसतो आणि अ‍ॅनिमोनीवाचून तो वर्षानुवर्षं मजेत जगतो. अ‍ॅनिमोनीला जुनी, स्थिरावलेली टाकी आणि प्रखर दिवे लागतात. तीन आठवड्यांच्या टाकीत ती मरेल आणि मरताना पाणी नासवेल. आईंना सांगा, तो खंतावला नव्हता.

मग मोठ्या माशाचं काय करायचं? टब वीस-तीस लिटरचा, पूर्वी साबण न लागलेला. आत स्पंज फिल्टर, एअरस्टोन (हवेचे बुडबुडे सोडणारा दगड) आणि लपायला पीव्हीसी पाइपचे दोन एल्बो. वाळू नको, दगड नको. या पाण्यात जीवाणू नसल्याने रोज निम्मं पाणी बदला. नवं पाणी विकतच्या समुद्री मिठाचं, आदल्या दिवशी कालवून हवा सोडून ठेवलेलं, तेवढ्याच तापमानाचं आणि तेवढ्याच घनतेचं. वीज जाते त्या भागात राहत असाल तर बॅटरीवर चालणारा एअर पंप घेऊन ठेवा. रात्री तासभर हवा बंद पडली तर सगळे उपचार वाया.

ब्रुकलिनेलाला फॉर्मॅलिन लागू पडतं. ते म्हणजे फॉर्माल्डिहाइडचं ३७ टक्क्यांचं द्रावण. हे खेळण्यातलं औषध नाही. त्याची वाफ डोळ्यांना आणि छातीला लागते आणि त्याने माणसाला कर्करोगाचा धोका आहे. हातमोजे, मास्क, चष्मा घालून गॅलरीत किंवा खिडकी उघडून काम करायचं आणि घरात लहान मूल असेल तर बाटली कुलपात. मुलगी आजोळी आहे, हे या बाबतीत बरंच झालं. बाटलीच्या तळाशी पांढरा साका दिसला तर ते औषध टाकून द्या, त्यात माशाला अतिशय विषारी पदार्थ तयार झालेला असतो. दहा लिटर पाण्याला दीड ते दोन मिली, सिरिंजने मोजून. आधी पाण्यात नीट मिसळायचं, मग मासा सोडायचा. तीस ते पंचेचाळीस मिनिटं, एअरस्टोन जोरात, कारण फॉर्मॅलिनने पाण्यातला प्राणवायू घटतो. या सबंध वेळात तिथेच बसून राहायचं. मासा कलंडला किंवा उसळ्या मारायला लागला तर वेळ बघत बसू नका, लगेच काढा. अंघोळ झाल्यावर त्याला स्वच्छ धुतलेल्या दुसऱ्या टबात ताज्या पाण्यात सोडायचं, आधीच्या टबात नाही. तिथे परजीवी वाट बघत असतात. हीच चूक सगळ्यात जास्त होते. एक दिवसाआड अशा तीन अंघोळी. पहिली तुम्ही गुरुवारी दिलीत, तेव्हा हे वाचाल तोवर तिसरी झालेली असेल.

फॉर्मॅलिन मिळेपर्यंत किंवा ते वापरायचं धाडस होत नसेल तर गोड्या पाण्यात बुडी. आरओचं पाणी, टाकीइतक्याच तापमानाचं, सामू जुळावा म्हणून चिमूटभर खायचा सोडा, आणि हवा सोडलेली. तीन ते पाच मिनिटं. पहिल्या काही सेकंदांत मासा आडवा पडतो, जीव घाबरा होतो आपला, पण बहुतेक मासे सावरतात. परजीवी फुटून कल्ले थोडे मोकळे होतात. यातून चपट्या कृमीही कळतात. त्या असल्या तर पारदर्शक पांढुरक्या चकत्या होऊन भांड्याच्या तळाशी पडतात. ब्रुकलिनेला बुडीने पुरता जात नाही, फक्त श्वासाला थोडी उसंत मिळते. लहान माशाला तुम्ही बुधवारी रात्री बुडी दिलीत. ते बरोबरच केलंत.

कधी कधी मासा तळाशी आडवा पडलेला असतो, कातडी सुटलेली, आणि आपण औषधावर औषध देत राहतो. तेव्हा थांबण्यात निर्दयपणा नाही. लवंगाचं तेल कोमट पाण्यात घुसळून दूधिया करायचं, माशाच्या लिटरभर पाण्यात आधी दोन-तीन थेंबांइतकं घालायचं म्हणजे तो शांत झोपी जातो, मग आणखी दहा-बारा थेंब. कल्ले थांबल्यावरही पंधरा-वीस मिनिटं तसंच राहू द्यायचं. जिवंत मासा संडासात सोडण्यापेक्षा हे कितीतरी बरं.

आता दुसरा मासा. तुमच्या पत्रातला हाच प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटला, म्हणून शेवटी ठेवला.

आणू नका. पहिलं कारण टाकीचं. टाकीतल्या पाण्यात, दगडांवर, काचेवर रोग आहे. ब्रुकलिनेलासाठी सहा आठवडे मासा नसलेली टाकी पुरते, पण नुसत्या डोळ्यांनी केलेल्या निदानात व्हाइट स्पॉट सुटलेला असू शकतो. त्याची तळाशी बसलेली कवचं बहात्तर दिवसांपर्यंत जिवंत राहिल्याची नोंद आहे, म्हणून मी शहात्तर दिवस धरते. अडीच महिने टाकीत एकही मासा नाही. कोळंबी आणि खेकडे मात्र तिथेच राहू द्या, त्यांना हे आजार होत नाहीत. त्यांना थोडं थोडं खाणं घालत राहा, म्हणजे जीवाणूही जगतील आणि तुमची कोवळी टाकी या काळात छान पिकेल. शनिवारी आणलेला मासा त्या टाकीत सोडलात तर बुधवारपर्यंत त्याचंही तेच होईल, आणि तेव्हा मुलगी घरी असेल.

दुसरं कारण असं की तिला कळेल. क्लाउनफिशचे पांढरे पट्टे प्रत्येकाचे वेगळे असतात: कुणाचा मधला पट्टा पुढे टोकदार, कुणाचा शेपटीजवळ तुटलेला, कुणाच्या पराची काळी कड जाड. ज्या मुलीने एक अख्खी संध्याकाळ काचेला नाक लावून काढली, तिने ते पट्टे पाठ केले असणार. पत्नींचं म्हणणं मी समजू शकते. पोरीचा पहिला मासा, तिच्या डोळ्यांत पाणी नको, एवढंच त्यांना वाटतंय. पण तिला पट्टा वेगळा दिसेल, ती विचारेल, 'हाच आहे का तो?' आणि तुम्हाला तिच्या डोळ्यांत बघून हो म्हणावं लागेल. त्यापेक्षा साताऱ्याला फोन करा, तिथे आजी जवळ असताना सांगा. आजारी पडला, आम्ही उपचार केले, तो वाचला नाही, मोठा वाचावा म्हणून वेगळा ठेवलाय. रडेल. रडू द्या. घरी आल्यावर रिकाम्या टाकीसमोर पहिल्यांदा कळण्यापेक्षा हे सोपं जाईल.

तिने विचारलंच की मोठा आता एकटा कसा राहील, तर एक गंमत तिला सांगा. क्लाउनफिश जन्मतात तेव्हा मादी कुणीच नसते, त्यांच्यातला मोठा पुढे मादी होतो. मादी गेली तर तिचा नरच मादी होतो आणि बाकीच्या लहानांतला सगळ्यात मोठा नर होतो. म्हणून अडीच महिन्यांनी जोडीदार आणताना आधीच्यापेक्षा स्पष्ट लहान आणा, म्हणजे भांडण होणार नाही. आणताना हॅचरीत, म्हणजे माशांच्या पैदास केंद्रात, वाढवलेला आहे का ते विचारा. आपल्याकडे केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेने क्लाउनफिशच्या पैदाशीचं तंत्र विकसित केलेलं आहे, त्यामुळे समुद्रातून पकडलेल्याचा आग्रह धरायचं कारण नाही. पकडलेल्यांत ब्रुकलिनेला जास्त आढळतो. हॅचरीतल्याला होतच नाही असं मात्र नाही, दुकानात सगळ्या टाक्यांचं पाणी एकत्र फिरत असेल तर तिथेही लागतो. दुकानात तुमच्यासमोर त्याला खायला घालायला सांगा, आणि त्याच टाकीतला एखादा मासा धापा टाकत असेल तर दुसरा कितीही देखणा असला तरी सोडून द्या. घरी आणलेला मासा महिनाभर त्याच टबात, मग टाकीत. हे मासे नीट जगले तर दहा-पंधरा वर्षं जगतात. मुलगी कॉलेजात जाईल तेव्हाही तो असेल, त्यापुढे एक महिना फार नाही.

रविवारी ती आली की तिला आधी टबापाशी न्या, टाकीपाशी नंतर. टबाला हात लावू देऊ नका, फॉर्मॅलिनची बाटली तोवर कुलपात ठेवलेली असू दे. एक वही आणि सेकंदकाटा दिसणारं घड्याळ तिच्या हातात द्या, आणि पंधरा सेकंदांत कल्ला किती वेळा उघडतो ते तिलाच मोजू द्या. आकडे मला कळवा. सलग तीन दिवस नव्वदच्या खाली आले आणि शेपटीजवळचा पट्टा गेला, की पुढचं काय ते मी लिहीन.